गॅरेजमधील उबेचा जमाखर्च

अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे प्रथमच जाणाऱ्या आईवडिलांना तेथील बंगल्यांच्या गॅरेजचे मोठे नवल वाटते. दोन मोटारी सहज उभ्या राहतील अशी चोवीस फूट लांब व तितकीच रुंद, म्हणजे ५७६ चौरस फुटांची ती जागा असते. एवढ्या जागेत आपल्या पेठेत दोन दुकाने थाटली असती, हा विचार व्यापारी घरातील माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. पुष्कळ घरांत मोटारी बाहेरच उभ्या असतात आणि गॅरेजमध्ये सुतारकामाचे टेबल, करवतयंत्र, लेथ, ड्रिल, रंगांचे डबे असा संसार मांडलेला असतो. कोणी छंद म्हणून तेथे काम करतो, तर कोणी नोकरी सांभाळून जोडधंदा म्हणून.

एप्रिल ते ऑक्टोबर हा संसार सुखाने चालतो. पुढे हिवाळा लागतो. शिकागोसारख्या शहरात जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि एखाद्या रात्री पारा उणे १८ पर्यंतही उतरतो. लोखंडी हत्यार हाती धरवत नाही आणि गोंद सुकत नाही. मग हीटर आणला जातो, गॅरेज उबदार होते, आणि महिनाअखेरीस वीज किंवा गॅसचे बिल हाती पडल्यावर घरात चर्चा सुरू होते. ही चर्चा बहुधा ‘कोणता हीटर स्वस्त’ याच प्रश्नाभोवती फिरते. हिशेबाच्या दृष्टीने हा प्रश्न चौथ्या क्रमांकाचा आहे. त्याच्या आधीचे तीन प्रश्न सुटल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

ऊब कोठे जाते

सांगली-तासगाव भागातील व्यापाऱ्यांना बेदाण्याची शीतगृहे परिचयाची आहेत. शीतगृहाच्या भिंतींना जाड थर का लावतात आणि दार क्षणभरही विनाकारण उघडे का ठेवू देत नाहीत, हे तेथील हमालालाही ठाऊक असते. बाहेरची उष्णता आत शिरू पाहते व यंत्र ती पुन्हा बाहेर फेकते. विजेचा खर्च या फेकाफेकीचा असतो. थंड देशातील गॅरेज म्हणजे उलटे शीतगृह होय. येथे आतील उष्णता बाहेर पळते आणि हीटर तिची भरपाई करीत राहतो. हीटर खोली तापवितो हे म्हणणे अर्धेच खरे आहे. एकदा खोली तापल्यावर तो केवळ गळती भरून काढीत असतो.

ही गळती किती, हे ठरविणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली, भिंती, छत, दार व फटी यांतून एका अंशाच्या फरकाला किती उष्णता निसटते. दुसरी, आतील व बाहेरील तापमानांत किती अंशांचा फरक राखला जातो. तिसरी, हा फरक किती तास राखला जातो. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे लागणारी ऊब. इंधनाचा भाव त्यानंतर येतो.

घरापासून सुटे बांधलेले, आठ फूट उंचीचे, कोणताही उष्णतारोधक थर नसलेले ५७६ चौरस फुटांचे गॅरेज हिशेबाला घेतले, तर आतील व बाहेरील तापमानांतील प्रत्येक अंश सेल्सिअसच्या फरकाला सुमारे ४०० वॅट इतकी गळती होते. तीत छताचा वाटा सर्वांत मोठा, जवळजवळ ३८ टक्के असतो. भिंतींचा २१ टक्के, फटींतून वाहणाऱ्या वाऱ्याचा १६ टक्के, मोटारीच्या मोठ्या पत्र्याच्या दाराचा १५ टक्के आणि उरलेला मुख्यतः काँक्रीटच्या जमिनीच्या कडांचा. त्याच गॅरेजच्या भिंतींत व छतावर ग्लासवूलचा पुरेसा थर भरला, दार रोधक थराचे बसविले आणि फटी बुजविल्या, तर ही गळती अंशामागे सुमारे ११० वॅटवर येते. म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक.

शिकागोत डिसेंबर ते फेब्रुवारी या नव्वद दिवसांचे सरासरी तापमान सुमारे उणे २ अंश धरता येते. हिंडूनफिरून काम करणाऱ्याला आत १३ अंश पुरतात. फरक झाला १५ अंशांचा. रोधक थर नसलेल्या गॅरेजात हा फरक रात्रंदिवस राखायचा म्हटले, तर ४०० गुणिले १५, म्हणजे ६ किलोवॅट ऊब अखंड लागते. नव्वद दिवसांचे तास २,१६०. एकूण ऊब सुमारे १२,९६० युनिट. येथे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचेच एक किलोवॅट-तासाचे युनिट.

चार इंधनांचे भाव

अमेरिकेत प्रत्येक इंधन वेगळ्या मापाने विकले जाते. वीज युनिटवर, नळाचा गॅस ‘थर्म’वर आणि टाकीतील प्रोपेन गॅलनवर. तीन दुकानांत एकच माल शेर, पायली व किलो अशा तीन मापांनी मिळू लागला तर गिऱ्हाईक फसेल, तसेच येथे होते. म्हणून सर्वांना एका मापावर आणणे हे पहिले काम. एक थर्म म्हणजे २९.३ युनिट उष्णता. एक गॅलन प्रोपेन म्हणजे सुमारे २६.८ युनिट. धुरांड्याचा साधा गॅस हीटर त्यापैकी ८० टक्के ऊब खोलीत देतो, बाकी धुराबरोबर जाते. विजेचा साधा हीटर मात्र घेतलेली सर्व वीज उष्णतेत उतरवितो. बाजारातील दोन वीज हीटरांपैकी एक कमी विजेत अधिक ऊब देतो, अशी जाहिरात दिसली तर ती बाजूला ठेवावी. दीड हजार वॅटचा स्वस्त हीटर व तितक्याच वॅटचा महाग हीटर सारखीच ऊब देतात. हीट पंप हे यंत्र निराळे. ते बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता ओढून आत आणते, म्हणून एका युनिट विजेत सरासरी अडीच युनिट ऊब मिळते असे येथे धरले आहे. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटते.

हिशेबासाठी वीज १८ सेंटला युनिट, गॅस १ डॉलर २० सेंटला थर्म आणि प्रोपेन अडीच डॉलरला गॅलन असे दर धरले आहेत. हे दर गावोगावी बदलतात. प्रत्येकाने आपल्या बिलावरचा दर घालून आकडेमोड पुन्हा करावी. या दरांनी एक युनिट ऊब साध्या वीज हीटरवर १८ सेंटला, प्रोपेनवर सुमारे ११.७ सेंटला, हीट पंपावर ७.२ सेंटला आणि नळाच्या गॅसवर सुमारे ५.१ सेंटला पडते.

रोधक थर नसलेल्या गॅरेजचा हिवाळी खर्च यावरून असा निघतो : विजेवर २,३३३ डॉलर, प्रोपेनवर १,५१२, हीट पंपावर ९३३ आणि गॅसवर सुमारे ६६० डॉलर. रोधक थर दिलेल्या गॅरेजला ३,५६४ युनिट ऊब पुरते आणि हेच आकडे अनुक्रमे ६४२, ४१६, २५७ व १८२ डॉलरवर येतात. इंधन बदलल्याने खर्च जितका उतरतो, त्याच तोलाची घट गळती बुजविल्याने होते. शिवाय गळती बुजविली की हीटरही लहान चालतो. पारा उणे १८ वर गेला असता पहिल्या गॅरेजला साडेबारा किलोवॅटचा हीटर हवा, दुसऱ्याला साडेतीन किलोवॅटचा पुरे.

एका चौरंगामागे ऊब किती

येथवरचा हिशेब घरखर्चाचा झाला. गॅरेजात जोडधंदा चालत असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण तेथे ऊब हा मालाच्या किमतीत धरावयाचा वरखर्च आहे.

उदाहरणादाखल एका गृहस्थाची कल्पना करावी. तो शिकागोच्या उपनगरात राहतो, दिवसा नोकरी करतो आणि गॅरेजात लाकडी चौरंग बनवून विकतो. आठवड्यातील दोन संध्याकाळी तीन-तीन तास आणि शनिवारी सहा तास, असे बारा तास त्याचे काम चालते. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर १५६ तास होतात. एका चौरंगाला चार तास लागतात, म्हणजे हिवाळ्यात ३९ चौरंग. प्रत्येक १२० डॉलरला विकला जातो आणि लाकूड, खिळे, रोगण यांचे ३५ डॉलर जातात. हाती ८५ डॉलर राहतात. चार तासांच्या श्रमाचा हा मोबदला त्याला उत्तम वाटतो. गॅरेज त्याने विजेच्या हीटरवर रात्रंदिवस १३ अंशांवर ठेवले आहे, थर काही दिलेला नाही, आणि घरच्या एकत्र बिलात ही रक्कम मिसळून गेलेली आहे.

अशा मुलाचा बाप पेठेत दुकान चालवीत असेल तर तो चौरंगाची कारागिरी नंतर पाहील. त्याचा पहिला प्रश्न असेल, ‘एका नगामागे ऊब किती पडते?’

२,३३३ डॉलर भागिले ३९. नगामागे जवळजवळ ६० डॉलर. ८५ मधून ६० वजा जाता २५ डॉलर उरले, ते चार तासांचे. ताशी सव्वासहा डॉलर. इलिनॉय राज्यात २०२५ पासून किमान वेतन ताशी १५ डॉलर आहे. म्हणजे हा गृहस्थ आपल्याच गॅरेजात किमान वेतनाच्या निम्म्याहूनही कमी मोलाने राबत आहे आणि यंत्रांचा घसारा तर अजून धरलेलाच नाही. नफा डोळ्यांना दिसत होता, कारण खर्च दुसऱ्या वहीत लिहिला जात होता. घरातील खर्च व धंद्याचा खर्च एकाच बिलात मिसळला की असे घडते, हे आपल्या व्यापारी घरांना नव्याने सांगावयास नको.

सर्वांत स्वस्त उपाय

या गृहस्थाला मिळणारा नेहमीचा सल्ला असा की, थर भरून घ्यावा किंवा हीट पंप बसवावा. दोन्ही सल्ले चांगले आहेत. परंतु भांडवल ओतण्यापूर्वी तिसरा आकडा, म्हणजे तास, तपासून पाहावा. काम १५६ तासांचे आणि ऊब २,१६० तासांची. शंभरातले त्र्याण्णव तास हीटर रिकाम्या खोलीची सेवा करीत आहे.

तोच गृहस्थ, त्याच थर नसलेल्या गॅरेजात, हीटर केवळ कामाच्या वेळी लावील तर काय होईल? ४०० वॅट गुणिले १५ अंश गुणिले १५६ तास, म्हणजे ९३६ युनिट. गार पडलेली जमीन व यंत्रे तापविण्याची ऊब धरून हे दीडपट केले तरी सुमारे १,४०० युनिट. खर्च सुमारे २५० डॉलर. थर देऊन रात्रंदिवस तापविलेल्या गॅरेजला ६४२ डॉलर लागत होते. म्हणजे एक पैसाही न गुंतविता, केवळ बटण बंद करण्याच्या शिस्तीने, गुंतवणूक करणाऱ्याहून अधिक बचत झाली. नगामागे ऊब साडेसहा डॉलरवर आली आणि श्रमाचे मोल ताशी साडेएकोणीस डॉलरवर गेले.

याच कारणाने परतफेडीचा काळ हा ठरावीक आकडा नसतो. थर देण्याचा खर्च अडीच हजार डॉलर धरला, तर रात्रंदिवस वीज हीटर चालविणाऱ्याला तो दीड हिवाळ्यात वसूल होतो. रात्रंदिवस गॅस वापरणाऱ्याला पाच हिवाळे लागतात. केवळ कामाच्या तासांतच वीज वापरणाऱ्याची वार्षिक बचत १८० डॉलरच्या आसपास असल्याने त्याला चौदा हिवाळे लागतील. हीट पंपाचेही तसेच. तो बसविण्यास साडेतीन हजार डॉलर लागतात असे मानले, तर थर नसलेल्या, सदैव तापविलेल्या गॅरेजात तो अडीच वर्षांत फिटतो. थर दिलेल्या गॅरेजात, जेथे वर्षाला २,००० युनिटच लागतात, तेथे सोळा वर्षे. जो आधी पंप घेईल व नंतर थर देईल, तो मोठा पंप विकत घेऊन लहान काम करून घेईल. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी तास, मग अंश, मग गळती आणि शेवटी इंधन.

अंशांविषयी एक साधे प्रमाण ध्यानी ठेवावे. फरक १५ अंशांचा असता एक अंश कमी केल्याने खर्च सुमारे साडेसहा टक्के उतरतो. जाड मोजे, पायाखाली रबरी चटई व लोकरी बंडी यांची किंमत एकदाच द्यावी लागते. काँक्रीटची गार जमीन पायांतून जितकी थंडी देते तितकी हवा देत नाही. एकाच जागी बसून करावयाच्या कामासाठी लाल तापणारा, किरणांनी ऊब देणारा हीटर सोयीचा, कारण तो खोलीतील हवेची वाट न पाहता थेट माणसाला ऊब पोचवितो.

गळती बुजविण्याचा क्रम

ज्याला दररोज सहा-आठ तास काम करावयाचे आहे, त्याने थर द्यावाच. तेथेही स्वस्तातून महागाकडे जावे. प्रथम फटी. मोठे दार एकदा उघडून लगेच लावले तर आतील सर्व हवा बाहेर गेली तरी नुकसान बारा सेंटांचे होते. दाराखालची व छताजवळची फट मात्र दिवसभर वाहते आणि वर धरलेल्या हिशेबाने दिवसाला सव्वाचार डॉलर नेते. दार उघडल्याबद्दल घरात रोज कुरकुर होते, फटीकडे कोणी पाहतही नाही. रबरी पट्ट्या व फटी भरण्याचे मिश्रण यांवर खर्च थोडका होतो.

त्यानंतर छत. फटी व छत ही दोनच कामे केली तरी एकूण गळतीपैकी जवळजवळ निम्मी थांबते. मग मोठे दार आणि शेवटी भिंती. फोमचे तक्ते लावल्यास ते उघडे ठेवू नयेत. आगीत ते वेगाने पेटतात व विषारी धूर देतात, म्हणून त्यांवर जिप्सम बोर्ड लावण्याचा नियम आहे.

एक गळती मात्र सुतारकाम करणारेच निर्माण करतात. लाकडाचा भुसा ओढणारे यंत्र पुष्कळदा नळीने बाहेर सोडलेले असते. मिनिटाला हजार घनफूट हवा ओढणारे असे यंत्र पाच मिनिटांच्या आत गॅरेजातील सगळी उबदार हवा बाहेर फेकते व तितकीच गार हवा फटींतून आत येते. ते चालू असेतो साडेआठ किलोवॅटची गळती होत असते, म्हणजे थर नसलेल्या संपूर्ण गॅरेजच्या गळतीहून अधिक. हिवाळ्यात हवा चांगल्या गाळणीतून गाळून पुन्हा आत सोडावी आणि तोंडावर मास्क लावावा. बारीक भुसा फुप्फुसांना अपाय करतो, म्हणून खर्च वाचविण्यासाठी यंत्रच बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

ऊब नेमकी कोणाला हवी

गॅरेज रात्रीही उबदार ठेवणाऱ्यांचे एक कारण खरे असते. काही वस्तूंना थंडी सोसत नाही. लाकडाचा पांढरा गोंद साधारण १० अंशांखाली नीट धरत नाही, सांधा पांढुरका व कच्चा राहतो. पाण्यावर आधारलेला रंग एकदा गोठला की फाटतो. लिथियमची बॅटरी शून्याखालील तापमानात चार्ज केल्यास कायमची बिघडते. परंतु या वस्तूंची यादी केली तर त्या सगळ्या एका लहान कपाटात मावतात. त्यांच्यासाठी ५७६ चौरस फूट तापविणे म्हणजे एका पाहुण्यासाठी गावजेवण घालणे होय. त्या वस्तू संध्याकाळी घरात नेणे सर्वांत सोपे. ते शक्य नसेल तर थर दिलेले कपाट व त्यात ६० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा सुरक्षित हीटर पुरतो. तो तीन महिने अखंड चालला तरी १३० युनिट, म्हणजे २३ डॉलर. रोगण व पातळ द्रावणे यांसारखे ज्वालाग्राही पदार्थ मात्र त्या कपाटात ठेवू नयेत.

गॅरेजातून पाण्याचा नळ जात असेल तर तो गोठून फुटू नये म्हणून आत ५ अंश राखावे लागतात. थर दिलेल्या गॅरेजात एरवी ५ अंश आणि कामाच्या वेळी १३ अंश ठेवले, तर हिवाळ्याला सुमारे २,००० युनिट लागतात. साध्या वीज हीटरवर हा खर्च ३६० डॉलर होतो. नळ नसेल, किंवा हिवाळ्यापुरता तो रिकामा करता येत असेल, तर तेवढ्यासाठी ऊब राखण्याचे कारण उरत नाही.

जिवाची जोखीम

हिशेबात सर्वांत वर लिहावयाची नोंद पैशाची नाही. धुरांडे नसलेला प्रोपेन किंवा रॉकेलचा हीटर दुकानात स्वस्त दिसतो. त्याची शंभर टक्के ऊब खोलीतच राहते, पण सगळा धूरही खोलीतच राहतो. बंद जागेत ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही; तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवितो. डोके दुखणे, मळमळणे, पेंग येणे ही लक्षणे माणूस थकव्यावर ढकलतो. गॅरेज घराला लागून असेल तर हा वायू झोपलेल्या कुटुंबापर्यंत पोचतो. कोळशाची शेगडी आत पेटविणे किंवा दार लावून मोटार चालू ठेवणे हे तर सरळ मृत्यूला बोलावणे होय. या वायूची सूचना देणारा गजर काही डॉलरांत मिळतो; तो गॅरेजात व घरात असलाच पाहिजे.

अशा हीटरचा दुसरा तोटा हत्यारांना होतो. एक गॅलन प्रोपेन जळाला की सुमारे तीन लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. ती वाफ गार लोखंडावर बसते आणि हजारो डॉलरांच्या यंत्रांच्या पृष्ठभागावर एका हिवाळ्यात गंज चढतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते. म्हणून ज्योत किंवा ठिणगी असलेला हीटर गॅरेजच्या जमिनीपासून निदान अठरा इंच उंच बसविण्याचा नियम तेथे आहे. घराच्या भट्टीची उबदार हवेची नळी गॅरेजात वळविण्यासही अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता मनाई करते, कारण त्याच वाटेने गॅरेजातील विषारी वायू व आग घरात येऊ शकते. दीड हजार वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर प्रवाह घेतो. तो बारीक एक्स्टेन्शन वायरवर लावू नये, आणि त्याच मंडळावर करवतयंत्र चालवू नये. मोठ्या हीटरसाठी २४० व्होल्टची स्वतंत्र जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. या बाबतीत वाचविलेला डॉलर हा बचतीच्या खात्यात मांडता येत नाही.

आपल्या गॅरेजची परीक्षा

वर दिलेले ४०० व ११० हे आकडे एका नमुन्याचे आहेत. प्रत्येक गॅरेज निराळे. आपला आकडा काढण्याची सोपी रीत अशी : ढगाळ व वारा नसलेल्या दिवशी सायंकाळी दीड हजार वॅटचा हीटर अखंड चालू ठेवावा. आतील तापमान वाढायचे थांबेपर्यंत, निदान रात्रभर, थांबावे. दोन तापमापकांनी आतील व बाहेरील तापमान पाहावे. फरक ५ अंश निघाला तर गळती अंशामागे ३०० वॅट. १० अंश निघाला तर १५० वॅट. जमीन सावकाश तापत असल्याने हा आकडा खऱ्याहून थोडा मोठा येतो, पण निर्णयाला पुरतो. मात्र हा प्रयोग होत असता कोणीतरी घरात जागे असावे व हीटरभोवती तीन फूट जागा मोकळी असावी.

हा आकडा, ठेवलेले अंश, कामाचे तास आणि बिलावरचा दर या चार नोंदी एका वहीत दर महिन्याला लिहाव्यात आणि शेवटी ‘कामाच्या एका तासामागे ऊब किती’ हा रकाना असावा. जोडधंदा असेल तर तोच आकडा मालाच्या किमतीत धरावा. करात सवलत मागावयाची असेल तर अमेरिकेत ती जागा नियमितपणे व केवळ धंद्यासाठीच वापरात असावी लागते. त्याच जागेत रात्री मोटार उभी राहत असेल तर अडचण येते, म्हणून कर-सल्लागाराला आधी विचारावे. छंदच असेल तर सवलतीचा प्रश्न नाही. तेव्हा ताशी दोन-तीन डॉलर हे त्या आनंदाचे मोल म्हणून मोकळ्या मनाने द्यावेत. छंदाला नफ्याची कसोटी लावू नये, पण त्याचा खर्च किती हे ठाऊक असावे.

इकडे महाराष्ट्रात थंडीचा हा प्रश्न नाही. तथापि मे महिन्यात काचेचे दार सताड उघडे ठेवून वातानुकूलन चालविणारी कापडाची व दागिन्यांची दुकाने प्रत्येक पेठेत आहेत, आणि गिऱ्हाईक नसलेल्या दुपारीही ती यंत्रे तितक्याच जोराने चालतात. गळती, अंश, तास व दर ही चार नावे तेथेही तशीच लागू पडतात. परदेशातील मुलाने गॅरेजची वही सुरू केली, तर येथल्या बापानेही दुकानाची वही त्याच रकान्यांनी आखावी. दोन हंगामांनंतर दोघांनी आपापल्या वह्या एकमेकांना दाखविल्या, तर दोघांनाही काही ना काही बंद करण्यासारखे सापडेल.